नाशिकच्या वह्या आणि निनावी दगड

विलायतेतील मनुष्य आपल्या पूर्वजांचा शोध करू लागला म्हणजे प्रथम खेड्यातील चर्चच्या आवारात शिरतो. तेथे गवत माजलेले असते, दगड कललेले असतात, अक्षरांत शेवाळ साचलेले असते. परंतु अक्षरे असतात. नाव, जन्माचे वर्ष, मृत्यूचे वर्ष, कोणाचा पुत्र, कोणाची पत्नी, एवढे त्या दगडावरून कळते, आणि जे दगड सांगत नाही ते चर्चच्या नोंदवहीत पाहावयास मिळते. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३८ साली, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम सुटला. तेव्हापासून तिकडील सामान्य शेतकऱ्यासही आपल्या दहा-बारा पिढ्यांचा माग काढण्याची सोय झाली. हा नाद त्यांना इतका आहे की, हिंदुस्थानातील जुन्या युरोपीय दफनभूमींची काळजी वाहण्यासाठी १९७६ साली इंग्लंडात एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, आणि पणजोबाच्या थडग्याचा पत्ता विचारीत परदेशी पाहुणे आपल्याकडील छावण्यांच्या गावांतून हिंडताना दिसतात.

आपल्यापैकी एखाद्या सुशिक्षित गृहस्थास पणजोबाच्या वडिलांचे नाव विचारून पाहावे. शंभरांत नव्वद जण तेथे थबकतील. यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या धर्मकृत्यांनी स्मृतीची मर्यादाच तेवढी आखून दिली आहे. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह, तसेच आईकडील मातामहादि तीन, एवढ्यांची नावे उच्चारावयाची. नवा पितर आत आला की जुन्यांपैकी एक मागे सरतो आणि निनावी पितृगणांत मिसळून जातो. देहाचे म्हणाल तर तो अग्नीच्या स्वाधीन केलेला. ज्या जागी चिता रचली त्या जागी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची रचली जाते. तेव्हा चर्चच्या आवारातला तो दगड आपल्याकडे कोठून यावा?

तरीही आपल्या खेड्यांच्या शिवेवर दगड नाहीत असे मात्र नाही. नाशिक, नगर, पुणे या बाजूंच्या कोणत्याही जुन्या गावी वेशीजवळ, पडक्या शिवालयाच्या अंगणात किंवा ओढ्याच्या काठी दोन-चार तरी उभे कोरीव दगड सापडतात. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला किंवा घोड्यावर बसलेला पुरुष लढत आहे, मधल्या चौकटीत अप्सरा त्यास वर नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य आहेत: हा झाला वीरगळ. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला एक हात तेवढा कोरलेला असेल तर ती सतीशिळा. हे दगड आपल्याकडील खेड्यांच्या इतिहासातील सर्वांत जुने मृत्युलेख होत. परंतु लेख म्हणावे तर त्यांवर बहुधा एकही अक्षर नसते. हा वीर कोण, कोणाच्या गाई सोडविताना पडला, त्याच्या मागे कोण उरले, हे दगडास ठाऊक नाही आणि गावासही नाही. गाव त्यास शेंदूर फासते, नारळ फोडते, आणि 'आमचा वीर' म्हणते. पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी वस्त्यांत मृतासाठी कोरीव दगड किंवा लाकडी खांब उभारण्याची चाल आहे. तेथेही चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार आहेत, नाव नाही.

सगळेच दहन करतात असेही नव्हे. लिंगायत, गोसावी, महानुभाव हे पुरतात; लहान मुलांस सर्वत्र पुरतात; खेड्यांतील पुष्कळ गरीब जातींत पुरण्याचीच चाल होती. त्र्यंबकेश्वरी व नाशिकास गोसाव्यांच्या समाध्या आहेत. चौथरा, त्यावर शिवलिंग किंवा पादुका, क्वचित वर छत्री, असा त्यांचा घाट असतो. शिलालेख असलाच तर तो गुरुपरंपरा सांगतो. वंशपरंपरा सांगण्याचे त्यांस कारणच नाही. ज्याने घर सोडले त्याच्या समाधीवर घराचे नाव कसे यावे?

मेलेला पूर्वज देव झाला म्हणजे त्याचे नाव गळून पडते, याचे उत्तम उदाहरण नाशिकातच दर वर्षी धुळवडीच्या दिवशी पाहावयास सापडते. पुष्कळ घरांच्या देवघरांत खंडोबा-भवानीच्या टाकांबरोबर एक घोडेस्वाराचा टाक असतो. तो त्या घरातील अकाली मेलेल्या, बहुधा लढाईत किंवा घातपाताने गेलेल्या पुरुषाचा. त्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांस स्नान घालतात. घरातील मूल वीराचा वेष घेऊन टाक हाती धरून चालते. त्यांत मानाचा दाजीबा वीर किंवा बाशिंगे वीर. हळद लागलेली असताच लग्नापूर्वी मारला गेलेला तो तरुण, अशी त्याची कथा सांगतात. पूर्वजाचे असे स्मरण जगात दुसरीकडे क्वचितच होत असेल. पण घरधन्यास विचारावे की हा वीर तुमच्या कितव्या पिढीचा, त्याचे नाव काय, तर तो हसून म्हणतो, "आमचा वीर आहे, झाले." भक्तीने जे जपले ते इतिहासाच्या हाती लागत नाही.

आता त्याच गोदावरीच्या काठी, ह्या मिरवणुकीच्या वाटेवरच, अगदी उलट प्रकारची एक गोष्ट आहे. रामकुंडात अस्थिविलय तीर्थ आहे. तेथे टाकलेल्या अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा असल्यामुळे देशभरातून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन नाशिकास येतात. देहाचा शेवटचा कणही उरू नये याची व्यवस्था येथे आहे. आणि तेथून चार पावलांवर, तीर्थोपाध्यायाच्या ओसरीवर, त्याच माणसाचे नाव कायमचे लिहून ठेवण्याचीही व्यवस्था आहे. ह्या वह्या, किंवा काही घरी म्हणतात त्याप्रमाणे नामावळ्या, हीच आपली दफनभूमी होय असे मी म्हणतो. काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, कुरुक्षेत्र, पंढरपूर, त्र्यंबकेश्वर इत्यादी क्षेत्रीही त्या आहेत. परंतु महाराष्ट्रीय कुटुंबास नाशिक जवळचे, आणि बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थामुळे एका पिढीत निदान एकदा तरी घरातील कोणी तरी तेथे जाऊन आलेला असतोच.

वहीची रचना साधी आणि शहाणपणाची आहे. उपाध्याय प्रथम तीन गोष्टी विचारतो: आडनाव काय, मूळ गाव कोणते, जात कोणती. 'सध्या राहता कोठे' हे तो शेवटी विचारतो, आणि ते योग्यच आहे. कारण राहण्याचे ठिकाण बदलते, मूळ गाव बदलत नाही. गावे, जाती व आडनावे यांच्या वाटण्या उपाध्यांच्या घराण्यांत पिढ्यानपिढ्या ठरलेल्या आहेत, त्यामुळे दहा ओसऱ्या हिंडलात तरी तुमचे नाव सापडावयाचे ते एकाच ओसरीवर. तेथे बासनातून लांबट पानांचा गठ्ठा निघतो. मजकुराची धाटणी ठरलेली: मौजे अमुक, परगणे अमुक, यात्रेस आले, नाव, बाप, आजा, पणजा, भाऊ, चुलते, चुलतभाऊ, पुत्र, मातुःश्री, स्त्री, आणि शेवटी आमच्या वंशातील जो कोणी येईल त्याने ह्याच उपाध्यांस मानावे असा करार. खाली यात्रेकरूची सही. सरदार असेल तर शिक्का, शेतकरी असेल तर नांगराची निशाणी.

लिपी बहुतेक मोडी. आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि मग तिला अक्षरे टांगीत, हात न उचलता, ओळ संपवावयाची, अशी ती धावती लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकविली जात असे. आज ती वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मितीही संभाळून लावावी लागते. शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले म्हणजे इसवी सन येतो, चैत्राच्या पूर्वीचा इंग्रजी जानेवारी-फेब्रुवारी असेल तर एकोणऐंशी. संवत्सराचे नाव दिले असेल तर ते साठ वर्षांच्या चक्राने ताडून पाहता येते, आणि लेखकाच्या हातून आकडा चुकला असल्यास तेथे पकडला जातो. ही दुहेरी नोंद करण्याची आपल्या लोकांची सवय इतिहासकारावर मोठाच उपकार करून गेली आहे.

आमचे घराणे प्रवरेकाठचे. मी गेलो त्या घरचे गुरुजी सत्तरी उलटलेले होते. त्यांनी गाव ऐकताच, "यजमान, तुमच्याकडचे कोणी पुष्कळ वर्षांत आले नाहीत," असे म्हटले, आणि ते खरे होते. अर्ध्या तासाने त्यांनी जे पान पुढे ठेवले ते शके १७९४, अंगिरानाम संवत्सराचे, म्हणजे १८७२ सालचे, सिंहस्थातील. माझ्या पणजोबांच्या वडिलांनी ते दिले होते. त्यात आडनाव आमचे नव्हते. केवळ 'कुलकर्णी' असे हुद्द्याचे नाव होते. गावावरून पडलेले आजचे आडनाव प्रथम दिसते ते पुढच्या नोंदीत, शके १८४२, म्हणजे १९२० साली. नोकरीसाठी परगावी गेल्यावर कोणाला तरी ते सुचले असावे. पहिल्या पानावर पाच भाऊ होते, त्यांचे मिळून अकरा पुत्र. दुसऱ्या पानावर त्या पाचांपैकी दोघांचाच वंश उरला होता. मधली अठ्ठेचाळीस वर्षे कोणती, हे वाचकांस सांगावयास नको. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा ही तीनही त्यांत येतात. कोण कशाने गेला हे वही सांगत नाही. ती फक्त पुढच्या खेपेस नाव घेत नाही.

सही मात्र मी पुष्कळ वेळ पाहत बसलो. पत्रव्यवहार, दागिने, वाडा यांपैकी ज्याचे काहीही आमच्याकडे उरले नाही, अशा माणसाच्या हाताची ती एकच खूण. शेवटच्या अक्षराचा फाटा खाली ओढून डावीकडे वळविलेला होता. माझे वडील आपली सही करताना तसाच फाटा वळवीत. यावरून काही सिद्ध करावयाचे नाही; त्या काळी तशी वळणे पुष्कळांची असत.

अशा वह्यांवर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. आपल्याकडे वंशावळींचा तुटवडा कधीच नव्हता; तुटवडा होता तो निःस्वार्थी वंशावळींचा. वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष वंशवृक्ष घेऊन गोतसभेपुढे हजर होत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेल्यावर सनदा आणि नाती यांचा पुरावा मागितला जाऊ लागला, आणि त्याबरोबर वाडवडिलांस नवे पुत्र होऊ लागले. भाटांच्या तोंडच्या वंशावळी तर यजमानास रजपुतान्यापर्यंत नेऊन पोहोचविल्याशिवाय थांबत नाहीत. कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी बैलावर बसून दारी येतात आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवितात. त्यांची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे, पण शेवटी दाणे घालणाऱ्याला काय रुचेल याकडेही त्यांस पाहावे लागते. तीर्थोपाध्यायाच्या वहीत नाव लिहवून कोणासही वतन मिळत नसे. ज्याने लिहविले तो स्नान करून आलेला, बापाच्या अस्थी नुकत्याच सोडलेला. खोटे बोलण्याचे त्यास कारण काय? पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यानेही हेच तत्त्व मानले होते: वाद उत्पन्न होण्यापूर्वी, नाते ठाऊक असलेल्या माणसाने त्या नात्याविषयी केलेले विधान, तो मरण पावला असल्यास, पुराव्यात घेता येते. त्या कायद्याची जागा २०२४ साली नव्या कायद्याने घेतली आहे. पण तत्त्व जुनेच, आणि चांगले. मोठ्या घराण्यांच्या नोंदींत कुळीची प्रौढी शिरलेली आढळते हे कबूल. सामान्य माणसास मात्र आजोबाचे नाव खोटे सांगण्याची हौस नसते.

खोटेपणापेक्षा ह्या वह्यांचा मोठा दोष त्यांच्या मौनात आहे. माझ्या घरच्या त्या पहिल्या पानावर एकोणीस पुरुषांची नावे आहेत आणि स्त्रियांची दोन. एक मातुःश्री, एक स्त्री. ही स्त्री कोणाची लेक, कोणत्या गावची, लग्नापूर्वी तिचे नाव काय, याचा पत्ता नाही. मुली तर नाहीतच. अकरा पुत्र ज्या घरी होते त्या घरी एकही कन्या झाली नाही हे मानावयास मी तयार नाही. कन्या सासरच्या वहीत 'स्त्री' म्हणून उगवते, तीही नव्या नावाने. अशा रीतीने प्रत्येक पिढीत आपल्या निम्म्या पूर्वजांचा धागा तुटतो, आणि ज्यास आपण वंशवृक्ष म्हणतो तो एकाच फांदीचा सोट असतो.

आणि हे त्या नाशिकास, जेथून पाच मैलांवर पांडवलेण्यांत सातवाहन राजे स्वतःस आईच्या नावाने ओळखवितात! गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरलेला मोठा लेख आहे. तो गौतमी बलश्री या राजमातेचा. मेलेल्या पुत्राचे गुण तिने तेथे सांगितले आहेत, क्षहरातांचा त्याने केलेला उच्छेद सांगितला आहे, आणि आपण राजाची माता व राजाची आजी आहोत हेही सांगून ते लेणे भिक्षूंस दिले आहे. दुसऱ्या शतकातील ह्या आजीचे नाव आपणांस ठाऊक आहे. स्वतःच्या पणजीच्या आईचे नाही. सातवाहनांत वारसा आईकडून जात असे असा याचा अर्थ नव्हे, राज्य बापाकडूनच मुलाकडे जाई. पण आईचे गोत्र नावात धारण करण्यात कोणास कमीपणा वाटत नव्हता.

वहीतून नाहीशा झालेल्या एका नाशिककर स्त्रीने मात्र याचे चांगले उट्टे काढले. लक्ष्मीबाई टिळक ह्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या घरच्या. माहेरचे नाव मनकर्णिका. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि काही वर्षांनी त्यांनीही. त्याबरोबर कोणत्याही उपाध्यायाच्या पानावर त्यांच्या पुढील पिढीचे नाव चढण्याचा मार्ग बंद झाला. १९३६ साली त्या नाशिकातच वारल्या. तोपर्यंत त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहून आपले माहेर, सासर, सोवळे-ओवळ्याने पिसाटलेले वडील, सारे कुटुंब मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचविले होते. एवढी भरलेली वंशावळ गोदाकाठी दुसरी नसेल.

जे रामकुंडाच्या पायरीपर्यंतच येऊ शकत नव्हते त्यांचे काय? २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्यात दादासाहेब गायकवाड आणि खेड्यापाड्यांतून आलेले हजारो लोक होते. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, दार उघडले नाही, रामकुंडावरही त्यांस अटकाव झाला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातील येवल्यास, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. ज्यांस तीर्थाच्या पाण्यास शिवू दिले नाही त्यांच्या दहा पिढ्या तीर्थोपाध्यायाच्या बासनात सापडतील अशी अपेक्षा कोणी धरावी? वहीचे गुणगान करताना हे विसरून चालत नाही. जी संस्था पुष्कळांची स्मृती जपते तीच कोणाची जपावयाची नाही हेही ठरवीत असते.

अशा घरांच्या पूर्वजांचा लेखी माग लागतो तो दुसरीकडे: वतनी कागदांत, पलटणीच्या हजेरीपटांत, आणि एके ठिकाणी साक्षात दगडावर. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगावी झालेल्या लढाईनंतर कंपनी सरकारने तेथे जयस्तंभ उभारला आणि पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली. त्यांतील बावीस नावे महार शिपायांची, शेवटी 'नाक' असलेली. ती त्या प्रत्ययावरूनच ओळखू येतात. वीरगळावर ज्यास नाव मिळाले नसते आणि वहीत ज्यास जागा मिळाली नसती, तो सामान्य शिपाई येथे नावानिशी उभा आहे. स्तंभ परक्या सत्तेने आपल्या विजयासाठी उभारला, हे खरेच. पण १९२७ च्या १ जानेवारीस आंबेडकर तेथे गेले आणि तेव्हापासून दर वर्षी तेथे लोटणारा समुदाय पाहता, दगडावर आपल्या माणसाचे नाव वाचावयास मिळणे ही केवढी भूक आहे, हे ध्यानात येते.

नाशिकातही असा एक दगडांचा मुलूख आहे. गावाच्या पश्चिमेस, आज ज्या बाजूस शरणपूर रस्ता म्हणून दुकानांची गजबज आहे तेथे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत वसविली. शरण आलेल्यांचे पूर, म्हणून शरणपूर. तेथे आफ्रिकेतील मुलांसाठी एक आश्रम होता, ही गोष्ट नाशिककरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जात असलेली मुले इंग्रजी आरमाराने सोडवून मुंबईस उतरविली. त्यांतील कित्येक १८६० च्या सुमारापासून नाशिकास आली आणि येथे सुतारकी, लोहारकी, लिहिणे-वाचणे शिकली. ज्याच्या वंशाचा धागा ह्याहून अधिक निर्दयपणे तोडला गेला असा मनुष्य कल्पिणे कठीण. बापाचे नाव हरवलेले, गावाचे नाव उच्चारता येत नाही, आणि स्वतःचे नाव पाद्र्याने दिलेले: वेनराइट, वेलिंग्टन, रटन.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन स्वतः नाशिकास येऊन गेला आणि त्याने ह्यांतील काही मुलांस बरोबर नेले. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीस जी तुकडी धाडली गेली तीत नाशिकचे सहा जण होते. जेकब वेनराइट त्यांतलाच. पुढल्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी मध्य आफ्रिकेतील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याच्या माणसांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने, कारण इंग्रजी उत्तम वाचणारा तोच. मग त्याने त्या झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव आणि तारीख कोरली. देह मात्र त्यांनी महिनोन् महिने खांद्यावर वाहून समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनास वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. ते झाड पुढे पोखरून कोसळण्याच्या बेतात आले, तेव्हा अक्षरे असलेला त्याचा तुकडा तोडून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यात आला. स्वतःच्या बापाचे नाव ज्यास लिहिता आले नसते, त्याने रानातल्या झाडावर दुसऱ्याचे नाव लिहिले, आणि ते मात्र जतन झाले.

शरणपूरच्या आफ्रिकनांपैकी पुष्कळ जण १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वसाहतीत गेले. नाशिकचे प्राइस साहेबच ती वसविण्यास गेले होते, आणि नाव दिले मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे. मॅथ्यू वेलिंग्टन हा त्यांतील एक १९३५ पर्यंत जिवंत होता. पूर्व आफ्रिकेत ह्या लोकांस 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्यांच्या वंशजांनी मूळ शोधीत मागे यावयाचे म्हटले तर वाट नाशिकापर्यंत येते आणि येथे थांबते. त्यापलीकडे समुद्र आहे.

वह्यांचे पुढे काय, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो, कारण दगड निदान उन्हापावसात टिकतात. वह्या उपाध्यांच्या खाजगी मालकीच्या, त्यांच्या चरितार्थाचे साधन. भावाभावांत वाटण्या झाल्या की वह्यांच्याही होतात. मुले पुण्या-मुंबईस नोकरीस गेलेली; मोडी वाचणारे वडील गेले की बासन माळ्यावर जाते. वाडे नदीच्या अगदी उशाशी, आणि गोदावरीचे पूर प्रसिद्धच आहेत. १९६९ च्या आणि २००८ च्या पुरांच्या आठवणी नाशिकात अजून निघतात; पाणी कोठवर चढले हे नारोशंकराच्या घंटेवरून सांगण्याची तेथे रीत आहे. हरिद्वारच्या व इतर काही क्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रे अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्र मंडळाने घेऊन ठेवली आहेत. आमच्या आज्या-पणज्यांची नावे सातासमुद्रापलीकडे सुरक्षित आणि त्यांच्या स्वतःच्या नदीच्या काठी वाळवीच्या तोंडी, ही स्थिती मला तरी मानवत नाही. सरकारने ह्या वह्या ताब्यात घ्याव्या असे अधूनमधून कोणी सुचवितात. मला ते पटत नाही. ज्या घराण्यांनी दोन-तीनशे वर्षे, दुष्काळांत आणि पुरांत, हा कागद सांभाळला त्यांच्याकडून तो हिसकावून घेण्यात न्याय नाही आणि शहाणपणही नाही; दफ्तरखान्यांतील आपली व्यवस्था कशी असते ते अभ्यासकांनी पाहिलेले आहे. त्यांच्या संमतीने, त्यांस योग्य मोबदला देऊन, पाने त्यांच्याच ओसरीवर छायाचित्रित करावी, आणि विद्यापीठांनी त्यासाठी मोडी जाणणारे चार विद्यार्थी दर वर्षी तयार करावे. याहून मोठा खर्च त्यात नाही.

२०२६-२७ चा सिंहस्थ हा त्यासाठी उत्तम योग, कारण पर्वणीच्या गर्दीत जितकी जुनी पाने उघडली जातात तितकी मधल्या अकरा वर्षांत जात नाहीत. ज्यांस आपले पान पाहावयाचे असेल त्यांनी निघण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाकडून मूळ गाव, जुना परगणा, आडनाव बदलले असल्यास पूर्वीचे आडनाव आणि आठवतील तेवढी नावे टिपून न्यावी. सध्याचा पत्ता तेथे फारसा कामाचा नाही. आणि आपली नोंद लिहविताना लेकीसुनांची नावे, माहेरच्या गावासकट, सांगावी. गुरुजी आता हरकत घेत नाहीत. माझ्या दोन्ही मुलींची नावे घातलीत का म्हणून मी विचारले तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे फिरविली आणि म्हटले, "तुम्हीच लिहा, यजमान. दस्तुरखुद्द असलेले बरे." पान देवनागरीत आखलेले होते, बॉलपेन त्यांचेच, आणि शेवटच्या रकान्यात दूरध्वनीचा क्रमांक मागितलेला होता.